मंजूर झालेल्या रजेत बदल: नोंद, शिल्लक आणि पगार यांचा मेळ कसा ठेवायचा?

रोजनिशी (प्रश्न)

चाकणमधलं १४० माणसांचं युनिट आहे. ९५ जण तीन पाळ्यांत, रविवारी सुट्टी. ४५ जण ऑफिसात, शनिवार-रविवार सुट्टी. अर्ज ऑनलाइन येतो, सुपरवायझर किंवा विभागप्रमुख मंजूर करतो, शिल्लक आपोआप कमी होते. इथपर्यंत काही अडत नाही. घोळ मंजुरीनंतर होतो.

यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. कोकणातले बरेच जण जूनमध्येच रजा मंजूर करून घेतात. ११ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण मात्र ६० दिवस आधी, म्हणजे १३ जुलैला उघडतं. तिकीट १० तारखेचं मिळालं की रजा सरकवायची, वेटिंगवर राहिलं की चार्ट लागेपर्यंत काहीच नक्की नसतं. सध्या आम्ही "आधीची रद्द करा, नवीन टाका" असं सांगतो. रद्द आणि नवीन यांच्या मधल्या तासाभरात ती जागा दुसऱ्याला मिळते आणि ज्याच्याकडे मंजूर रजा होती त्याच्याच हातात काही उरत नाही.

दुसरं, बदल सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो, सिस्टिममध्ये येत नाही. पगार झाल्यावर शिल्लक चुकलेली दिसते. तिसरं, रजा अर्धी घेऊन माणूस लवकर परत आला तर उरलेले दिवस परत कोणी आणि कधी जमा करायचे, यावर एकमत नाही.

नियम नव्याने लिहायचा आहे. ज्यांनी अशी पद्धत बसवली आहे त्यांनी टप्प्यांसकट सांगावं.

---

मस्टर_रोल

पहिली गोष्ट, "रद्द करा आणि नवीन टाका" हे आजच बंद करा. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. मंजूर रजा ही एक झालेली नोंद आहे, ती खोडायची नाही. बदल म्हणजे त्या नोंदीला जोडलेली दुसरी नोंद, आणि ती मंजूर होईपर्यंत पहिली जशीच्या तशी उभी राहते. बदल नाकारला गेला तर माणसाकडे जुनी मंजूर रजा शाबूत असते. त्याचं नुकसान कधीच होत नाही.

क्रमांक देण्याची सोपी पद्धत: मूळ अर्ज ०४१२. पहिला बदल ०४१२/१, दुसरा ०४१२/२. हजेरी आणि पगार नेहमी शेवटच्या मंजूर क्रमांकावर चालतात. एक्सेलमध्ये करत असाल तरी हीच शिस्त. जुन्या ओळीवर टाईप करायचं नाही, खाली नवी ओळ घालायची आणि जुन्या ओळीच्या "स्थिती" रकान्यात "०४१२/१ ने बदलली" लिहायचं.

बदलाच्या अर्जात इतकं हवंच: मूळ क्रमांक, बदलाचा प्रकार, जुन्या तारखा, नव्या तारखा, दिवसांचा फरक (अधिक किंवा उणे), कामावर रुजू होण्याची तारीख, कारण, बदल कोणी मागितला, मंजूर कोणी केला, दोन्हींची वेळ.

रुजू होण्याची तारीख वेगळी का विचारायची? मेसेज येतो, "साहेब, १७ ऐवजी १८ ला येतो." आता १७ पर्यंत रजा होती आणि तो १८ ला येणारच होता, की १७ ला यायचा होता आणि आता एक दिवस वाढला? "१८ पर्यंत रजा" आणि "१८ ला हजर" यांत एका दिवसाचा फरक आहे, आणि आपण बोलताना दोन्ही सारखंच बोलतो. शेवटचा रजेचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस असे दोन रकाने समोरासमोर ठेवले की ही चूक भरतानाच पकडली जाते.

आता शिल्लक. तुमच्या सिस्टिममध्ये शिल्लक मंजुरीच्या क्षणी कमी होते. त्याऐवजी तीन आकडे ठेवा: खात्यावर, राखीव, उपलब्ध. समजा खात्यावर १२ पीएल (कमावलेली भरपगारी रजा) आहेत. ऑफिसातल्या माणसाची ११ ते १८ सप्टेंबर मंजूर झाली. १२-१३ शनिवार-रविवार, १४ ला सुट्टी, म्हणून रजेचे दिवस ११, १५, १६, १७, १८ असे ५. राखीव ५, उपलब्ध ७. खात्यावरचे १२ तेव्हाच कमी होतात जेव्हा तो दिवस खरोखर उलटतो.

आता त्याला ही रजा वाढवून ८ दिवसांची करायची आहे. सिस्टिम उपलब्ध ७ बघते आणि "शिल्लक अपुरी" म्हणून परत पाठवते. खरं तर त्याचे स्वतःचेच ५ तिथे अडकलेले आहेत. बदल तपासताना उपलब्ध अधिक त्याच अर्जाचे राखीव, म्हणजे ७ + ५ = १२, हा आकडा धरायचा. तयार सॉफ्टवेअर घेतलं असेल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. कित्येक ठिकाणी ही तपासणी चुकीची असते, आणि म्हणूनच एचआरवाले नाइलाजाने "रद्द करून पुन्हा टाका" सांगतात.

कोणता बदल कोणी मंजूर करायचा:

पूर्ण रद्द, रजा सुरू व्हायला २ कामाचे दिवस बाकी असताना: मंजुरीची गरज नाही, फक्त सुपरवायझरला सूचना.
तारीख सरकवणे: मूळ मंजूर करणाराच. जुन्या आणि नव्या तारखांत जे दिवस सामाईक आहेत त्यांवरचा हक्क कायम, फक्त नवे दिवस रांगेच्या शेवटी.
वाढवणे: नवा अर्ज समजून, पण मूळ क्रमांकाखाली. उत्तर मिळेपर्यंत वाढ नाही.
कमी करणे किंवा लवकर परत येणे: रुजू झाल्याची खात्री सुपरवायझरने त्याच दिवशी करायची.
रजेचा प्रकार बदलणे (सीएल म्हणजे किरकोळ रजा, तिची पीएल वगैरे): कर्मचाऱ्याच्या लेखी मागणीवरच.

कोकणच्या गर्दीसाठी वेगळी खिडकी ठेवा. आरक्षण १३ जुलैच्या आसपास उघडतं, तर २० जुलैपर्यंत एकदा तारीख सरकवायला मोकळीक द्या. त्या मुदतीपर्यंत गणपतीच्या आठवड्याच्या रजा "तात्पुरत्या मंजूर" ठेवा, २१ ला पक्क्या करा. वेटिंग तिकीटवाल्यांचा प्रश्न तरी राहतोच, त्यांच्यासाठी एकच पर्याय: अर्जातच दुसरी पसंती लिहून घ्या. "११ चं तिकीट नाही मिळालं तर १२ ते १९." दोन्ही एकदमच मंजूर करून ठेवले की शेवटच्या रात्री फोनाफोनी होत नाही.

---

तिसरी_पाळी

वरच्यातलं बाकी सगळं मान्य, पण "पूर्ण रद्दला मंजुरी नको" हे ऑफिसात चालेल, उत्पादनाच्या लाइनवर नाही.

लाइनवर माणूस रजेवर जाणार म्हटल्यावर बदली नेमलेली असते. ती तीन प्रकारची: दुसऱ्या पाळीतला ओव्हरटाइमवर, साप्ताहिक सुट्टीवरचा बोलावलेला, किंवा ठेकेदाराकडून मागवलेला. रजा रद्द झाली की या तिघांचंही काहीतरी मोडतं. सुट्टीवरच्याने घरचा बेत बदललेला असतो. ठेकेदाराला आदल्या दिवशी दुपारनंतर नको म्हटलं तर तो त्या दिवसाचं बिल लावतोच. म्हणून लाइनवर असा नियम ठेवा: बदली नेमलेली नसेल तर रद्द आपोआप, नेमलेली असेल तर सुपरवायझरच्या मंजुरीने, आणि मंजूर करण्याआधी बदलीवाल्याला कळवल्याची खूण करणं सक्तीचं.

साप्ताहिक सुट्टीवरच्याला बोलावलं की दोन हिशेब सांभाळायचे. त्या बदल्यात दुसरी सुट्टी देणं आलंच. शिवाय जुन्या कारखाने कायद्यातली रेघ अजूनही पाळा: सुट्टी पुढेमागे करताना कोणीही सलग १० दिवसांपेक्षा जास्त पूर्ण सुट्टीविना काम करता कामा नये. एकाची रजा दोनदा सरकली की दुसऱ्याची साप्ताहिक सुट्टी दोनदा हलते, आणि ती १० दिवसांची रेघ कोणाच्या लक्षात न येता ओलांडली जाते. बदल मंजूर करायच्या पडद्यावर बदलीवाल्याचे सलग कामाचे दिवस दिसायलाच हवेत.

आता रात्रपाळी, कारण रजा बदलताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पाळी रात्री ११ ते सकाळी ७. माणसाची रजा १७ तारखेची आहे. १६ च्या रात्री तो कामावर येतो, १७ ला सकाळी ७:०४ ला आउट पंच करतो आणि घरी जातो. यंत्राला १७ तारखेचा पंच दिसतो. "रजेच्या दिवशी हजर, म्हणून रजा रद्द" असा आपोआप नियम लावला असेल तर त्याची रजा उडते. त्या रात्री तो येत नाही, आणि गैरहजर लागतो.

उपाय: रजेची तारीख म्हणजे पाळी सुरू होण्याची तारीख. १७ ची रजा म्हणजे १७ च्या रात्री ११ ला सुरू होणारी पाळी. अर्जाच्या पडद्यावर तारखेशेजारी पाळी छापून दाखवा: "१७ सप्टेंबर, तिसरी पाळी, १७ रात्री ११ ते १८ सकाळी ७." आणि पाळी बदलण्याचा दिवस रजेच्या मधे येत असेल तर बदल मंजूर करताना परतल्यावरची पाळी कोणती हे लिहूनच द्या. सोमवारी पाळ्या फिरतात, माणूस शुक्रवारऐवजी मंगळवारी येतो आणि जुन्या पाळीच्या वेळेला दारात उभा राहतो, हे टाळता येतं.

एका वेळी किती जण रजेवर जाऊ शकतात हा आकडा विभागावर नको, कामाच्या ठिकाणावर ठेवा. ९ जणांच्या लाइनवर २ म्हणणं पुरेसं नाही. त्या ९ मध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणारे ३ असतील तर त्यांच्यापैकी १. तारीख सरकवताना तपासणी याच पातळीवर झाली पाहिजे, नाहीतर संख्या बरोबर बसते आणि मशीन बंद राहतं.

एखाद्याने रजा सोडली तर रांगेतल्या पुढच्याला कळवा आणि उत्तरासाठी २४ तास द्या. पुढच्याने नकार दिला किंवा वेळ संपली की त्याच्या पुढचा. सुपरवायझरने आपल्या मर्जीने द्यायची नाही. रांग सगळ्यांना दिसेल अशी ठेवली तर कुरबूर बरीच कमी होते.

---

आकडेमोड

पगाराच्या बाजूने लिहितो. बदल कधी आला यावर सगळं ठरतं, म्हणून तीन रेघा आखून घ्या.

समजा तुमचं हजेरीचं चक्र २६ ते २५ आहे. २५ च्या रात्रीपर्यंत आलेला आणि मंजूर झालेला बदल सरळ हजेरीत जातो. २६ ला हजेरी कुलूपबंद. त्यानंतर त्या चक्रातल्या कोणत्याही दिवसाचा बदल जुन्या महिन्यात हात घालून करायचा नाही, पुढच्या महिन्यात फरक म्हणून दाखवायचा. तिसरी रेघ रजावर्षाच्या अखेरची. वर्ष बंद झाल्यावर मागच्या वर्षातला बदल एचआर आणि हिशेब विभाग दोघांच्या सहीनेच.

कुलूपबंद झाल्यावर "फक्त एकच दिवस आहे" म्हणून कोणी जुनी हजेरी उघडून बदलली की पगाराची पावती आणि हजेरी यांचा मेळ कायमचा तुटतो. पुढे त्या माणसाने हिशेब मागितला तर दाखवायला काही राहत नाही.

फरक काढतानाची नेहमीची चूक: ऑगस्टमध्ये शिल्लक नाही म्हणून २ दिवस बिनपगारी कापले. पगार ३१,०००, महिना ३१ दिवसांचा, कपात २,०००. नंतर बदल मंजूर झाला, ते २ दिवस पीएलमध्ये गेले, पैसे सप्टेंबरच्या पगारात परत द्यायचे. सिस्टिम सप्टेंबरचे ३० दिवस धरते आणि २,०६६.६७ देते. मधे पगारवाढ झाली असेल तर फरक आणखी मोठा. ज्या महिन्यात कापले त्याच महिन्याचा पगार आणि तोच भाजक परत देताना वापरायचा. काही ठिकाणी भाजक २६ असतो. तो चालेल, पण कापताना २६ आणि देताना ३० असं होऊ देऊ नका.

बिनपगारी दिवस परत दिले की पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचा आधारही बदलतो. पीएफच्या दरमहा भरायच्या ईसीआर फाइलमध्ये एनसीपी दिवसांचा रकाना असतो, तिथे बिनपगारी दिवस जातात. महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असतो. पगार ७ ला झाला आणि बदल १० ला आला तर रक्कम पुढच्या महिन्यात द्या, पण एनसीपीचा आकडा फाइल चढवण्याआधी सुधारून घ्या. कर्मचाऱ्याच्या पेन्शनच्या सेवाकाळाशी त्याचा संबंध आहे, त्याला तो रकाना कधी दिसतही नाही, म्हणून जबाबदारी आपली.

सँडविच नियम (दोन रजांच्या मधल्या सुट्ट्याही रजेत धरणं) लावत असाल तर बदलाच्या वेळी तो पुन्हा पहिल्यापासून मोजा. शुक्रवार ११ आणि मंगळवार १५ ची रजा असेल तर सँडविचने ११, १२, १३, १४, १५ असे ५ दिवस कापले जातात. माणसाने १५ ची रजा रद्द केली. आता सँडविच उरलंच नाही, त्याचा फक्त ११ चा एक दिवस जायला हवा. म्हणजे ४ दिवस परत. सिस्टिम फक्त १५ चा १ परत करते, आणि ३ दिवस हवेत राहतात. हे कोणी पकडत नाही, कारण परत आलेला १ दिवस बघून माणसाला वाटतं बदल झाला. म्हणून दिवसांचा फरक हाताने लिहू देऊ नका. जुन्या तारखांचे दिवस वेगळे मोजा, नव्यांचे वेगळे मोजा, वजाबाकी करा.

डिसेंबरअखेरच्या रजा जानेवारीत सरकल्या तर दोन वर्षांचे दोन खाते-उतारे हलतात. दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्यांच्या ८ सीएल तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर संपतात. २९ डिसेंबरची सीएल ४ जानेवारीला "सरकवता" येत नाही. जुनी रद्द होऊन संपते, नवीन पहिल्या तिमाहीच्या जमेतून जाते. हे मंजूर करण्याआधी माणसाला स्पष्ट सांगा, म्हणजे तो बदल मागायचा की नाही ते ठरवेल.

---

कलम_वाचक

सँडविचवरून महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्येच लिहिलं होतं की भरपगारी रजा मोजताना रजेच्या मधल्या किंवा दोन्ही टोकांच्या सुट्ट्या वगळायच्या, आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तेच आहे. म्हणजे लाइनवरच्या कामगारांच्या कायदेशीर पीएलला सँडविच लावणं चूक. कंपनी कायद्याहून जास्त देते त्या रजांपुरता तुमचा नियम चालू शकतो. नवा नियम लिहिताच आहात तर हे आधी वेगळं करा.

त्याच जुन्या कलमात अर्ज १५ दिवस आधी द्यायचा होता आणि वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा रजा घेता येत नव्हती. या अटी तुमच्या नियमात ठेवल्या असतील तर बदलाचा थेट प्रश्न येतो: तारीख सरकवली तर ती दुसरी वेळ धरायची का? माझ्या मते धरू नये, रजा एकच आहे. आणि आजारपणासाठी तीच रजा घ्यायची असेल तर १५ दिवसांची अट तेव्हाही लागत नव्हती, हे सुपरवायझरना माहीत नसतं.

कंपनीने नाकारलेल्या रजेची नोंदही जपा. कारखान्यात साधारणपणे ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते, पण रीतसर मागूनही नाकारलेली रजा या मर्यादेत मोजत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साठवणीची मर्यादा ४५ दिवस आहे, आणि १५ दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे. म्हणून मंजूर रजा कंपनीच्या कामासाठी मागे घेतली असेल तर ती "कर्मचाऱ्याने रद्द केली" अशी नोंदवणं हा त्याच्या हक्कावर घाला आहे. बदल कोणी मागितला, हा रकाना मस्टर_रोल यांनी सांगितला तो म्हणूनच कधीही रिकामा सोडू नये.

नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. रजेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत आहे. २४० ऐवजी १८० दिवस काम केल्यावर रजा लागू होते, दर २० दिवसांना १ हे प्रमाण तेच. नियमात जुने २४० लिहून ठेवलं असेल तर बदला.

रजेवरून परत बोलावण्याबद्दल कायदा फार काही सांगत नाही, म्हणून तुमच्या नियमात लिहा. कोण बोलावू शकतो (किमान विभागप्रमुख, सुपरवायझर नाही), लेखी, परतीच्या प्रवासाचा आणि वाया गेलेल्या तिकिटाचा खर्च कंपनीचा, प्रवासात गेलेला दिवस कामाचा धरायचा, उरलेले सगळे दिवस परत, आणि नाही म्हणणाऱ्यावर कारवाई नाही. गावी पोचलेल्या माणसाला परत आणणं ही छोटी गोष्ट नाही, ती सोपी करून ठेवू नका.

वाढवून मागितलेल्या रजेला उत्तर द्याच. आदर्श स्थायी आदेशांत (कामगारांच्या सेवाशर्तींचे सरकारी नमुना नियम) रजा संपल्यावर ८ दिवसांत परत न आल्यास नोकरीवरचा हक्क जाण्याची तरतूद आहे. माणूस गावाहून "आई आजारी आहे, चार दिवस वाढवा" म्हणतो, इकडे कोणी हो-नाही म्हणत नाही, आणि नंतर त्यालाच गैरहजर ठरवलं जातं. होकार असो की नकार, त्याच दिवशी एसएमएस किंवा मेलने गेला पाहिजे.

प्रसूती रजेच्या तारखाही बदलतात, पण तिथे मंजुरीचा प्रश्नच नाही. दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर एकूण २६ आठवडे, त्यांतले जास्तीत जास्त ८ अपेक्षित तारखेच्या आधी. बाळंतपण लवकर झालं तर आधीचे न वापरलेले दिवस नंतर मिळतात, एकूण कमी होत नाही. आणि "मी लवकर येते" असा अर्ज स्वतःहून आला तरी बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत कामावर घेता येत नाही. सिस्टिमने तो बदल स्वीकारूच नये.

---

रोजनिशी

सगळ्यांचे मनापासून आभार. सँडविचचा नियम लाइनवरून काढून टाकतो आहे.

दोन गोष्टी राहिल्या. दिवसपाळीतला माणूस रजेच्या दिवशी येऊन पंच करतो, कधी कागद न्यायला, कधी खरंच कामाला. आणि पीएलवर असताना आजारी पडला आणि ईएसआयचं सर्टिफिकेट आणलं, तर रजा कशी बदलायची?

---

मस्टर_रोल

पंचबद्दल: पंचने रजा कधीच आपोआप रद्द करू नका. इन आणि आउटमध्ये ४ तासांपेक्षा कमी अंतर असेल तर दुर्लक्ष. ४ किंवा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरच्या अपवाद यादीत नाव यावं, समोर तीन पर्याय: पूर्ण दिवस काम केलं, अर्धा दिवस काम केलं, कामाला आला नव्हता. त्याने निवडलं की त्यातून ०४१२/१ तयार होईल. दोन कामाच्या दिवसांत निवडलं नाही तर एचआरकडे जाईल. रिकामं ठेवून चक्र बंद होणार नाही, एवढी अडवणूक ठेवा.

---

आकडेमोड

ईएसआयमध्ये क्रम फार महत्त्वाचा. ज्या दिवसाचा पगार मिळतो, मग ते काम असो, रजा असो की सुट्टी, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. ईएसआयचा हा जुनाच नियम आहे, १९४८ च्या कायद्यात तो कलम ६३ मध्ये होता. म्हणून पीएल तशीच ठेवून माणसाने दावा केला तर तो अडकतो, किंवा दोन्ही मिळून नंतर वसुली निघते.

पद्धत: सर्टिफिकेटवरच्या तारखा आल्या की कर्मचाऱ्याला आधी विचारा. पीएलचा पूर्ण पगार ठेवायचा की ईएसआयचा लाभ घ्यायचा? लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के असतो आणि नव्या आजारपणात पहिले दोन दिवस साधारणपणे मिळत नाहीत. तीन दिवसांच्या तापाला पीएल ठेवलेली बरी. दोन-तीन आठवडे निघणार असतील तर पीएल वाचवून लाभ घेणं फायद्याचं. त्याचा निर्णय लेखी घ्या, तेवढे दिवस बदलाच्या अर्जाने पीएलमधून काढून "बिनपगारी, ईएसआय" असे नोंदवा, आणि मगच हजेरीचा तपशील द्या. ११ ते १८ च्या रजेत १६ ते १८ आजारपण असेल तर ११ आणि १५ पीएल, १६ ते १८ ईएसआय, असे एकाच मूळ क्रमांकाखाली दोन तुकडे होतात. सिस्टिम तुकडे करू देत नसेल तर हा बदल बसणारच नाही, तेही विकणाऱ्याला विचारून घ्या.

---

कचेरी

विषय खाजगी कंपनीचा आहे, पण राज्य शासनाचे कर्मचारीही वाचतात म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि लोकसेवेच्या निकडीसाठी सक्षम अधिकारी ती नाकारू किंवा मागे घेऊ शकतो. मात्र मागितलेल्या रजेचा प्रकार त्याला स्वतःहून बदलता येत नाही, त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी विनंती लागते. अर्जित रजा मागितलेल्याला "अर्धवेतनी करून देतो" असं तोंडी सांगून आदेश काढला जातो, तेव्हा ही तरतूद दाखवावी.

---

तिसरी_पाळी

एक भर. रजेचा बदल मंजूर झाला की तो कुठे कुठे पोचला पाहिजे याची यादी नियमाला जोडा, कारण सिस्टिममध्ये सगळं बरोबर असूनही माणूस अडतो. रोस्टर, बदलीवाला, हजेरी, कंपनीची बस, कॅन्टीनची संख्या, ऑफिसात असेल तर मेलचं आपोआप उत्तर, आणि ज्याच्याकडे सही किंवा मंजुरीचे अधिकार तात्पुरते दिले होते तो. शेवटचं सगळ्यात जास्त राहून जातं. विभागप्रमुख दोन दिवस आधी परत येतो, अधिकार दिलेल्याची मुदत मात्र जुन्या तारखेपर्यंत असते, आणि दोघेही रजा मंजूर करत बसतात. अधिकाराची मुदत तारखेला नाही, रजेच्या क्रमांकाला जोडा. ०४१२/१ मंजूर झालं की तीही आपोआप आटोपेल.

बसचं: पहिल्या पाळीची बस पहाटे निघते आणि ड्रायव्हरकडे आदल्या संध्याकाळची छापील यादी असते. लवकर परतणाऱ्याचं नाव त्यात नसेल तर बस त्याच्या थांब्यावर थांबत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला रुजू होणाऱ्यांचे बदल मंजूर करायची शेवटची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ठेवा, आणि ५ नंतर आलेल्याला दुसऱ्या पाळीत घ्या किंवा यादीत हाताने नाव घालून ड्रायव्हरला फोन करा.